जर्मन भाषेंत आपलें घर

परक्या भाषेंत बाजारहाट करणें सोपें असतें. घरच्या माणसांविषयीं बोलणें कठीण असतें. भाजीचा भाव, गाडीची वेळ, औषधाच्या दुकानाचा रस्ता, हीं वाक्यें दोन-तीन महिन्यांत जिभेवर बसतात. परंतु 'तुमच्या घरीं कोण कोण आहेत, आणि तुम्हांस सर्वांत महत्त्वाचें काय वाटतें' असें कोणीं विचारलें कीं शिकणाऱ्याची बोबडी वळते. आणि ती केवळ शब्द ठाऊक नसल्यामुळें वळते असें नाहीं. ही गोष्ट आम्हांस गेल्या वैशाखांत आमच्या नांदगांवच्या घरीं ओटीवर बसल्या बसल्या कळली. ज्यांच्या घरचीं मुलें परदेशीं जाण्याच्या तयारींत आहेत अशा वाचकांस ती उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें सांगत आहों.

नांदगांव हें सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कणकवली तालुक्यांतलें गांव. मुंबई-गोवा महामार्गावर येथें एक तिठा आहे. तेथून देवगडाकडे रस्ता फुटतो. कोंकण रेल्वेचें 'नांदगांव रोड' हें स्टेशनही आहे. ह्या मुलखांतल्या माणसाला घर सोडून जाणें नवें नाहीं. मुंबईस गेलेल्या चाकरमान्यांच्या मनिऑर्डरींवर कित्येक पिढ्या येथल्या चुली पेटल्या, आणि गणपतीला तीं माणसें परत आलीं म्हणजे घरें भरलीं. आम्हीही त्यांतलेच. आतां मुंबईच्या जागीं स्टुटगार्टचें नांव ऐकूं येऊं लागलें आहे, एवढाच फरक.

मुंबई आणि स्टुटगार्ट ह्या शहरांचें मैत्रीचें नातें १९६८ पासूनचें, आणि महाराष्ट्र व बाडेन-व्युर्टेम्बेर्ग ह्या दोन राज्यांचें २०१५ पासूनचें आहे. फेब्रुवारी २०२४ मध्यें ह्या राज्यांत करार झाला व महाराष्ट्रांतील १०,००० तरुणांस तेथें कुशल कामांवर पाठविण्याची, आणि त्यापूर्वीं त्यांस जर्मन भाषा शिकविण्याची योजना पुढें आली. त्या वेळचे शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर हे सावंतवाडीचे; त्यामुळें आमच्या बाजूस ही वार्ता घरोघरीं पोहोंचली. आमची पुतणी परिचारिकेचें शिक्षण पुरें करून कोल्हापुरास एका रुग्णालयांत दोन वर्षें काम करीत होती. तिनें स्वतःच्या खर्चानेंच पुण्याच्या एका बाईंकडे शिकवणी धरली. बाई पुण्यांत आणि विद्यार्थिनी नांदगांवांत. मध्यें मोबाइलचा पडदा. घरांत तो नीट चालत नाहीं म्हणून रोज संध्याकाळीं ओटीच्या कोपऱ्यांत तिचा वर्ग भरे, आणि आमच्या मातोश्रींपासून माडावरून उतरलेल्या गड्यापर्यंत सगळ्यांच्या कानांवर जर्मन पडे.

नात्यांचे शब्द

पहिले धडे नात्यांचे होते, आणि आम्हीही मौजेनें ऐकत बसलों. आईबापांना मिळून 'एल्टर्न', आजी-आजोबांना मिळून 'ग्रोसएल्टर्न'. बहीणभावंडांना मिळून 'गेश्विस्टर' असा एकच शब्द आहे. आमच्या 'भावंडें' ह्या शब्दाचा हा जुळाच. फरक इतकाच कीं आमच्या शब्दांत भाऊ दिसतो आणि त्यांच्या शब्दांत 'श्वेस्टर' म्हणजे बहीण. सासू ती 'श्वीगरमुटर', सून ती 'श्वीगरटोख्टर'. साडूला शब्द नसेल असें आम्हीं पैजेवर सांगितलें, तर 'श्विपश्वागर' असा एक गमतीदार शब्द निघाला आणि आम्ही पैज हरलों.

परंतु काका आणि मामा हे दोघेही 'ओंकल', आणि आत्या, मावशी, काकू, मामी ह्या चौघीही 'टान्टे', हें ऐकून मातोश्री हंसावयास लागल्या. "मग लग्नांत मामा म्हणून उभं कोण राहतं?" असें त्यांनीं विचारलें. प्रश्न अगदीं रास्त होता. पण खरी मौज पुढें आहे. ओंकल आणि टान्टे हे शब्द मूळचे जर्मन नव्हेत. सतराव्या-अठराव्या शतकांत ते फ्रेंचांतून आले. त्यापूर्वीं जर्मनांना चुलत्यासाठीं 'फेटर', आत्यासाठीं 'बाझे', मामासाठीं 'ओहाइम' आणि मावशीसाठीं 'मूमे' असे चार निराळे शब्द होते. नवे शब्द आले, जुन्यांतले दोन मागें पडले, आणि फेटर व बाझे हे चुलत-मामे भावाबहिणींकडे सरकले. घरांतलीं माणसें तींच राहिलीं. त्यांच्यांतला भेद सांगण्याची गरज समाजाला उरली नाहीं, आणि शब्द गळाले. आपल्याकडेही 'अंकल' आणि 'आंटी' दारांत येऊन उभे आहेत, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

नात्यांचे शब्द हे समाजाच्या रचनेचे पुरावे असतात ही दृष्टि मराठी वाचकांस इरावती कर्वे यांनीं दिली. त्या १९२८ सालीं बर्लिनला गेल्या, आणि तेथें मानवशास्त्राचा अभ्यास करून त्यांनीं डॉक्टरची पदवी मिळविली. त्यांचे पति दिनकर धोंडो कर्वे यांनीं स्वतः जर्मनींत रसायनशास्त्राचें अध्ययन केलेलें होतें. पुढें १९५३ सालीं भारतांतील नातेसंबंधांच्या रचनेवरचा इरावतीबाईंचा प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ बाहेर पडला. निरनिराळ्या प्रांतांत कोणत्या नात्याला कोणता शब्द आहे, ह्याचा त्यांत कसून विचार आहे.

उलट दिशेनें आलेलें उदाहरणही आपल्यापुढें आहे. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या पत्नी मूळच्या ईडिथ कोह्न, जर्मन ज्यू घराण्यांतल्या. लग्नानंतर त्या शीलवती केतकर झाल्या, पुण्यांत राहिल्या, आणि विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयाच्या जर्मन इतिहासाचें त्यांनीं इंग्रजी भाषांतर केलें. टान्टे ह्या एका शब्दावर वाढलेल्या त्या बाईंना पुण्यांत आत्या, मावशी, काकू आणि मामी ह्या चार जणी भेटल्या असतील, तेव्हां काय वाटलें असेल, असा विचार आमच्या मनांत येऊन गेला.

मालवणी मुलुखाला मात्र एका गोष्टींत जर्मन फार जवळची निघाली. जर्मनांत मुलगी म्हणजे 'मेडशेन', आणि हा शब्द नपुंसकलिंगी आहे. शेवटला 'शेन' हा प्रत्यय लहानपणा दाखवितो, आणि तो लागला कीं शब्द नपुंसकलिंगी होतो. इंग्रजींतून जर्मनकडे जाणारे विद्यार्थी येथें डोकें धरून बसतात. पुतणीनें हें सांगितलें तेव्हां अंगणांतली कामवाली म्हणाली, "त्यात काय नवाल? आम्ही पण 'तां चेडू'च म्हणतव." व्याकरणाचा एक अवघड नियम असा एका वाक्यांत सुटला.

काळजी

नंतरचे धडे मनांतल्या गोष्टींचे होते. त्यांतले कांहीं प्रयोग वाचकांनीं पाठ करण्याजोगे आहेत. एखादी गोष्ट महत्त्वाची वाटते तेव्हां 'डास इस्ट मीर विश्टिश' म्हणावें. ती त्याहून जिव्हाळ्याची असेल तर 'डास लीग्ट मीर आम हेर्त्सन', म्हणजे ती माझ्या हृदयाशीं आहे. 'फामीलिए गेट फोर' म्हणजे कुटुंब आधीं, बाकीचें मागून. 'हाउप्टझाखे गेझुंड' म्हणजे प्रकृति चांगली आहे ना, मग झालें. हें तर आपल्या आजीबाईंचेंच वाक्य. घर आणि नोकरी दोन्ही सांभाळणाऱ्या बायका तेथें 'दोन्ही एका टोपीखालीं आणतें' असें म्हणतात. आपण तारेवरची कसरत म्हणतों. आणि एखाद्या गोष्टीची मुळींच पर्वा नसली तर 'डास इस्ट मीर वुर्श्ट', 'मला तें सॉसेजसारखें आहे', असें बोलतात. शाकाहारी घरांतल्या मुलीनें हें वाक्य कसें म्हणावें ह्यावर आमच्या ओटीवर बराच खल झाला.

ह्यांत सर्वांत आवडला तो 'झोर्गे' हा शब्द. त्याचा अर्थ चिंता. 'झोर्गेन' हें क्रियापद 'उम' ह्या शब्दयोगी अव्ययाबरोबर आलें तर काळजी करणें, आणि 'फ्यूर' बरोबर आलें तर काळजी घेणें. मराठींतही काळजी हा एकच शब्द दोन्ही कामें करतो. 'क्युमेर्न' ह्या दुसऱ्या क्रियापदाचेंही तसेंच: त्याचा अर्थ जपणें, सांभाळणें; पण तें 'कुमर' म्हणजे दुःख ह्या शब्दाच्या घरचें आहे. ज्याच्याविषयीं जीव तुटतो त्यालाच माणूस सांभाळतो, हा अनुभव नांदगांवांत आणि स्टुटगार्टांत एकच असल्याशिवाय दोन्ही भाषांनीं असा शब्द घडविला नसता. जर्मन माणसें कोरडीं, त्यांना घरदार नाहीं, असें आपल्याकडे जें सर्रास बोललें जातें तें निदान त्यांच्या भाषेला मान्य नाहीं.

'इश क्युमेरे मिश उम माइने ग्रोसमुटर', म्हणजे मी माझ्या आजीची काळजी घेतें, हें वाक्य पुतणी दोन दिवस घोकीत होती. शेवटीं मातोश्रींनीं विचारलें, "अगो, हें सारखं क्युमेरे क्युमेरे काय चाललंय?"

"तुझी काळजी घेते असं म्हणतेय, आजी."

"मग आधीं दिवा लाव, संध्याकाळ झाली," असें म्हणून त्या उठल्या.

'मला' आणि 'मी'

आतां अडचण कोठें आली तें सांगतों. 'मीर इस्ट काल्ट' हें जर्मन वाक्य मराठी माणसास शिकवावें लागत नाहीं. 'मला थंडी वाजते' ह्याच घडणीचें तें आहे. महत्त्व वाटणें हेंही 'मीर', म्हणजे 'मला' ह्या रूपानें येतें. तेथवर दोन्ही भाषा हातांत हात घालून चालतात. परंतु मराठींत कर्तव्यही 'मला' येतें. मला जावें लागतें, मला जायचें आहे, मला राहावें लागलें. जणूं कर्तव्य बाहेरून चालत आलें आणि आपण ओटीवर बसलेले होतों. जर्मनांत मात्र येथें 'मी' उठून उभा राहतो. 'इश मुस गेहेन', मी गेलेंच पाहिजे. 'इश विल गेहेन', माझी जाण्याची इच्छा आहे. दोन्ही ठिकाणीं कर्ता 'इश' आहे आणि क्रियापद त्याच्या अंकित आहे. शिवाय 'मुस' आणि 'विल' ह्यांतून एक निवडल्यावांचून वाक्य पुरें होत नाहीं. 'जायचें आहे' ह्या आपल्या सोईस्कर शब्दांत इच्छा आणि भाग पडणें हीं दोन्ही एका पांघरुणाखालीं निजतात. तें पांघरूण तेथें मिळत नाहीं.

मधल्या पायरीची जी परीक्षा असते, तिच्या तोंडी भागांत उमेदवारानें एका विषयावर थोडा वेळ बोलावें लागतें: स्वतःचा अनुभव, आपल्या देशांतली स्थिति, फायदे व तोटे, आणि स्वतःचें मत. नंतर ऐकणारे प्रश्न विचारतात. सरावासाठीं बाईंनीं 'कुटुंब आणि व्यवसाय' हा विषय दिला. पुतणी न अडखळतां बोलली. आमच्याकडे तीन पिढ्या एका घरांत राहतात, वडील आंब्याची बाग पाहतात, मी आजीची काळजी घेतें, आणि शेवटीं ठसक्यांत 'फामीलिए गेट फोर'. व्याकरणाची एकही चूक नव्हती. पलीकडून बाईंनीं शांतपणें विचारलें, "वारुम गेहेन झी डान?" मग तुम्ही जातां कां?

पुतणीला उत्तर येईना. शब्द सगळे येत होते. बाग दोन वर्षें फळली नाहीं, फवारणीचें कर्ज डोक्यावर आहे, धाकट्या भावाचें शिक्षण अर्धें आहे, हें घरांतल्या प्रत्येकाला ठाऊक होतें. पण तें कोणीं कोणाला सांगितलेलें नव्हतें. आणि केवळ कर्जासाठीं ती जात होती असेंही नव्हतें. तिला मोठ्या रुग्णालयांत काम करावयाचें होतें, जग पाहावयाचें होतें. तें तर तिनें स्वतःशींही मोठ्यानें म्हटलेलें नव्हतें. त्या दिवशीं तिनें मोबाइल बंद केला आणि ती मागीलदारीं जाऊन बसली.

ह्या प्रश्नाला कायद्याचीही एक बाजू आहे, आणि ती जाणाऱ्या घरांनीं आधींच समजून घ्यावी. तेथील कचेरींत कुटुंब म्हणजे 'केर्नफामीलिए', कुटुंबाचा गाभा: पति-पत्नी आणि अज्ञान मुलें. आजी त्यांत येत नाहीं. आईबापही एरवीं येत नाहींत. परंतु ज्या कुशल कामगारांस १ मार्च २०२४ रोजीं किंवा त्यानंतर राहण्याचा पहिला परवाना मिळाला, त्यांना आईबापांस आणतां येण्याची सवलत तेथील कायद्यानें दिली आहे. मात्र त्यांच्या उपजीविकेची आणि आरोग्यविम्याची तरतूद आधीं दाखवावी लागते, आणि ही सवलत कायमची नसून मुदतीची आहे. तेव्हां 'कुटुंब आधीं' असें म्हणतांना कोणतें कुटुंब, हा प्रश्न तेथें व्याकरणाचा राहत नाहीं.

दोन दिवसांनीं पुतणीनें आपलें भाषण पुन्हां लिहिलें आणि प्रथम आम्हांला मराठींत वाचून दाखविलें. "काका, एक वाक्य मी काढून टाकलं. आजीची काळजी मी घेते, असं मला तिकडे जाऊन म्हणतां येणार नाहीं. तें खोटं होईल." त्या जागीं तिनें भूतकाळ घातला होता: मी आजीची काळजी घेत असें, आतां ती माझे आईवडील घेतात, आणि मी पैसे पाठवितें व रोज तिच्याशीं बोलतें. आणि बाईंच्या प्रश्नाला उत्तर होतें: 'इश गेहे, वाइल मीर माइने फामीलिए विश्टिश इस्ट. उंट वाइल इश एस विल.' मी जातें, कारण मला माझें कुटुंब महत्त्वाचें आहे. आणि कारण माझी तशी इच्छा आहे. 'वाइल' आला कीं क्रियापद मराठीसारखें वाक्याच्या शेवटीं जातें. त्यामुळें 'विल' हा शब्द अगदीं शेवटीं, एकटा आणि स्पष्ट ऐकूं आला.

मातोश्रींना त्याचा अर्थ सांगितला. आम्हांला वाटलें, त्या दुखावतील. त्या म्हणाल्या, "हें आधींच सांगायचंस. मला वाटत होतं, कर्जापायीं पोर मन मारून चाललीय. तुला जावंसं वाटतंय ना? मग मला घोर नाहीं." गेले सहा महिने ज्या गोष्टीनें त्यांची झोंप उडविली होती, ती त्या एका 'विल'नें परत आणली.

ती रात्र आम्हांस मात्र झोंपेची गेली नाहीं. चाळीस वर्षांपूर्वीं आम्ही ह्याच ओटीवरून मुंबईस निघालों, तेव्हां 'मला जावें लागतें आहे' असें म्हणून निघालों होतों. तें खरें नव्हतें. आमची जाण्याची इच्छा होती. धाकटा भाऊ मागें राहिला. बाग, आईवडील, घराचीं कौलें, सारें त्यानें सांभाळलें. तो राहिला, कीं त्याला राहावें लागलें, हें आम्हीं त्याला कधीं विचारलें नाहीं. मराठींत तें विचारावें लागत नाहीं. 'लागलें' म्हटलें कीं सगळें झांकून जातें.

सकाळीं तो कलमांना पाणी घालीत होता, तेथें जाऊन आम्हीं विचारलें. तो बराच वेळ कांहींच बोलला नाहीं. मग नळी दुसऱ्या आळ्यांत टाकून म्हणाला, "मला इथंच राहायचं होतं रे, दादा. पण तेव्हां कुणी विचारलं असतं तर बरं वाटलं असतं."

आम्हांस जर्मन येत नाहीं, आणि ह्या वयांत येईल अशी आशाही नाहीं. ही वाट मात्र आमच्या मुलखाला अगदींच अनोळखी नव्हे. मालवणांत १८३७ सालीं जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८८६ सालीं प्राच्यविद्यापंडितांच्या परिषदेसाठीं व्हिएन्नास गेले होते. आतां त्याच जिल्ह्यांतलीं मुलेंमुली त्याच भाषेच्या प्रदेशांत रुग्णांची सेवा करण्यास निघालीं आहेत. त्यांनीं शब्द पाठ करावेत, लिंगें आणि प्रत्यय घोकावेत, परीक्षा द्याव्यात. पण परीक्षकापुढें 'मला काय महत्त्वाचें वाटतें' हें वाक्य म्हणण्यापूर्वीं तें एकदां घरीं, मायबोलींत, आईबापांसमोर म्हणून पाहावें. आणि घरांतल्या वडील माणसांनींही आपल्या बाजूचें वाक्य तितक्याच स्पष्टपणें सांगावें. तें बोलणें थोडें जड जाईल. परंतु जें ओटीवर बोललें गेलें आहे, तें घेऊन निघणाराला ओझें होत नाहीं, आणि मागें राहणारालाही होत नाहीं.